पॉइंट पाच

सकाळी गार असतो, कागल ओलांडलं की रुसतो,
म्हणत वैजयंता बेनाडेनं सँट्रो आत घातली.
उद्यमनगरात अकरा वाजले होते,
शेजारच्या फौंड्रीत पहिला रस ओतत होते,
आणि तिच्या मागच्या सीटवर
निपाणीच्या कुठल्याशा नवरीचा चेहरा
डब्याडब्यांतून मऊ पडत होता.

'लिपस्टिकचं लोणी होतंय हो.
गोरज मुहूर्त आहे. तेवढं बघा की.'
दोघांनी तिला सांगितलं होतं, कॉम्प्रेसर गेला.
एकानं अठरा हजार, दुसऱ्यानं एकवीस.
दोघांनीही बॉनेट न उघडता.

मी उघडलं. अर्धा तास इंजिन तापू दिलं.
दुखणं अंगावर आल्याशिवाय नाडी काय बघायची?
मग घड्याळं लावली, निळं आणि लाल.
दोन्ही काटे एकाच उंचीवर उभे,
वाटणीनंतर एका कट्ट्यावर बसलेल्या भावांसारखे.
म्हणजे गॅस आहे. ढकलणारं कुणी नाही.
फ्यूज बघितला. हॉर्नचा रिले काढून इकडं लावला.
वायरीला दिवा धरला, तो पेटला.
वीज उंबऱ्यापर्यंत येते,
कडी कोण काढत नाही?

प्लेटवर खूण करायची होती. खडू तेलावर धरेना.
इर्शाद रंगाचा डबा हुडकत फिरत होता
तोवर बाईंनीच पर्स उघडली :
'ही घ्या. तशीही गेलीच आहे.'
मरून. वर छापलेलं, चोवीस तास टिकते.
इंजिन बंद करून प्लेटच्या कडेला
मी एक टिकली काढली.
स्टार्टर मारला.
पुली गरगरतेय, पट्टा पळतोय,
टिकली जागच्या जागी.
मांडवभर धावपळ
आणि नवरी पाटावरच.

बंद करून फटीत पानं घालून बघितली.
पॉइंट पाचचं सहज गेलं.
सातचं गेलं.
एक एमएमचं पण गेलं, कुठं अडलं नाही.
अकरा वर्षांत झिजत झिजत
प्लेट लोहचुंबकापासून एवढीशी लांब गेलेली.
गार असताना तो तिला ओढून घेतो.
तापला की त्याचा जीव कमी पडतो.

'मग नवीन काय घालायचं?'
घालायचं काही नाही. काढायचं.
मधला बोल्ट, मग प्लेट, आणि तिच्या पाठीमागं
कांद्याच्या पापुद्र्याएवढी वायसर.

बोल्ट गंजला होता. पाऊण तास गेला, बोटाचं सालटं गेलं,
आणि त्या पाऊण तासात मला गारगोटीचे मास्तर आठवले.
दोन हजार अकरा. हीच तक्रार, हीच फट.
मी त्यांना कॉम्प्रेसर विकला होता.
तेव्हा मला वायसरचं ठाऊक नव्हतं.
म्हणजे,
ठाऊक होतं.
पोराची फी भरायची होती.

जोडलं. पान घातलं, पॉइंट पाच, घासून गेलं.
इंजिन चालू करून इर्शादनं बटण दाबलं.
टक्.
टिकली हलली, लांबली, गेली,
आणि प्लेटभर एक मरून कडं उभं राहिलं.
काटे एकमेकांपासून सुटले, निळा खाली, लाल वर.
बाईंनी जाळीसमोर हात धरला.
मग हात काढून लिपस्टिका ओळीनं मांडल्या,
थंडीत उन्हाला पोरं बसवतात तशा,
फक्त उलट.

'चारशे.'
'चारशेच?' तिचं तोंड उजळायच्या ऐवजी बारीक झालं.
'मग ते अठरा हजार कशाचे सांगत होते?'
मी घड्याळांच्या नळ्या गुंडाळत राहिलो.
नळ्या लांब असतात, बरं असतं.

गाडी शाहू नाक्याकडं वळली. मागं
फरशीवर पाण्याचे चार थेंब, स्वच्छ.
रॉकेलनं हात धुतले. तेल गेलं,
अंगठ्यावरचं मरून जाईना.
छापलेलं खोटं नव्हतं.

रात्री भाकरी वाढताना बायकोनं
अंगठ्याकडं बघितलं. काही विचारलं नाही.
मी म्हटलं, क्लच.